हिशेब मागणे म्हणजे अविश्वास नव्हे

(विहाराच्या वर्धापनदिनी मारेगाव येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)

 

समितीने आम्हाला विषय दिला आहे, 'राजकीय पुढारी आणि नीतिमत्ता'. आम्ही काही प्राध्यापक नाही, वकील नाही. गिरणीत साच्यावर उभे राहून पोट भरणारी आम्ही माणसे. शाळा लवकर सुटली. जे काही वाचले ते पाळी सुटल्यावर, बाबासाहेबांच्या पुस्तकांच्या आणि चळवळीतल्या जुन्या माणसांच्या आधाराने वाचले. तेव्हा भाषा थोडी ओबडधोबड आली तर सांभाळून घ्या.

हा विषय निघाला की लोक एकच वाक्य बोलतात. "अजी, सारे एकाच माळेचे मणी! कोन चांगला हाये आता?" पानठेल्यावर, एसटी स्टँडवर, मयतीला गेलो तरी तिथेही हेच. हे वाक्य ऐकायला मोठे शहाणपणाचे वाटते. पण बंधूंनो, नीट विचार करा, या वाक्याचा फायदा कोणाला होतो? सारेच चोर म्हटले की खऱ्या चोराला लपायला जागा मिळते, आणि जो सरळ वागला त्याच्या वागण्याला काही किंमत उरत नाही. म्हणून आम्ही आज हे वाक्य मान्य करायला तयार नाही. सारे सारखे नव्हते, आणि सारे सारखे नाहीत. हे आम्ही इतिहासातून दाखवतो.

१९५१ सालचा सप्टेंबर महिना घ्या. दिल्लीत हंगामी संसद होती. मुंबईचे एक सभासद होते, एच. जी. मुद्गल. सोन्याचांदीच्या व्यापाऱ्यांची 'बॉम्बे बुलियन असोसिएशन' नावाची संघटना होती. तिच्याकडून पैसे घेऊन तिच्या फायद्याचे प्रश्न संसदेत विचारायचे, दुरुस्त्या मांडायच्या, असा आरोप मुद्गलांवर आला. ते सत्ताधारी काँग्रेसचेच होते. तरी पंतप्रधान नेहरूंनी स्वतः चौकशीचा ठराव आणला, समिती नेमली गेली, समितीने ठपका ठेवला. हकालपट्टीचा ठराव सभागृहापुढे आला, तेव्हा २४ सप्टेंबरला मुद्गलांनी राजीनामा दिला. हाकलले जाणार हे दिसले तेव्हा खुर्ची सोडली.

त्याच आठवड्यात, २७ सप्टेंबर १९५१ ला, त्याच दिल्लीत दुसऱ्या एका माणसाने राजीनाम्याचे पत्र लिहिले. ते होते देशाचे कायदेमंत्री डॉ. बाबासाहेब आंबेडकर. त्यांच्यावर कोणता आरोप होता? एका पैशाचाही नाही. हिंदू कोड बिल अडवले गेले, बायकांच्या वारसाहक्काचा, विवाहाचा, घटस्फोटाचा कायदा मारला गेला, दलितांकडे सरकारचे लक्ष नाही, परराष्ट्र धोरण पटत नाही, म्हणून त्यांनी मंत्रिपद सोडले. आणि सोडतानाही कसे? हातातली बिले अर्धवट टाकून ते तडकाफडकी उठून गेले नाहीत. हातातले काम उरकून जाण्याची तयारी त्यांनी पत्रातच लिहून दिली होती. पुढे ११ ऑक्टोबरला सभागृहात निवेदन करू देण्यावरून अडवणूक झाली तेव्हा ते बाहेर पडले.

बघा, आठवडा एक, संसद एक, राजीनामे दोन! एक पैशासाठी अडकला म्हणून, आणि एक तत्त्वासाठी उठला म्हणून. आता सांगा, सारे सारखे कसे?

कोणी म्हणेल, मंत्रिपद सोडणे सोपे, निवडणूक हरणे कठीण. तर भंडाऱ्याची गोष्ट ऐका. १९५४ साली भंडारा लोकसभेची पोटनिवडणूक लागली. त्या वेळी भंडारा काय आणि आपला यवतमाळ काय, दोन्ही मध्यप्रदेश राज्यात होते. मतदारसंघ दोन जागांचा, एक सर्वसाधारण आणि एक राखीव. प्रत्येक मतदाराला दोन मते. बाबासाहेब राखीव जागेवर उभे होते, आणि प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता सर्वसाधारण जागेवर. कार्यकर्त्यांच्या ध्यानात आले की आपली दुसरी मते मेहतांना जातील, पण त्यांच्याकडची मते बाबासाहेबांना येतीलच याचा भरवसा नाही. म्हणून काहींनी सुचवले की आपल्या लोकांना दुसरे मत कुजवायला सांगू. चळवळीतले जुने लोक सांगत आले आहेत की बाबासाहेबांनी याला साफ नकार दिला. ज्याने घटना लिहिली तो लोकांना मत वाया घालवायला कसा सांगेल, हरलो तरी चालेल, असे त्यांचे म्हणणे. निकाल लागला. अशोक मेहता निवडून आले आणि बाबासाहेब सुमारे आठ हजार मतांनी पडले. १९५२ साली मुंबईत पडले, दोन वर्षांनी भंडाऱ्यात पडले. पण ज्या कायद्यावर स्वतः सही केली त्याला बट्टा लागू दिला नाही.

ही झाली आपल्या बापाची गोष्ट. पण नीतिमत्ता ही काही एका समाजाची मिरास नाही. आपल्या शेजारची वणी घ्या. लोकनायक बापूजी अणे वणीचे. त्यांचे विचार आपले विचार नव्हेत, त्यांची वाट वेगळी होती. पण ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते, आणि फेब्रुवारी १९४३ मध्ये गांधीजींच्या उपोषणाच्या प्रश्नावर सरकारचा निर्णय पटला नाही म्हणून त्यांनी आणखी दोन सभासदांसोबत राजीनामा दिला. पुढे त्यांना दुसरी पदे मिळाली ती गोष्ट अलग. पण पटले नाही त्या दिवशी खुर्चीला चिकटून राहिले नाहीत, एवढे मान्य करायला पाहिजे. विरोधकाचाही गुण मोकळेपणाने सांगावा, हेही प्रामाणिकपणातच येते.

आणि महात्मा फुले! ते १८७६ पासून काही वर्षे पुणे नगरपालिकेचे सभासद होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन येणार म्हणून शहर सजवायला हजार रुपये खर्च करायचा घाट घातला गेला. जोतीरावांनी एकट्याने विरोध केला. हा पैसा गरिबांच्या शिक्षणावर लावा म्हणाले. आज आपल्या मारेगावलाही नगर पंचायत आहे. कमान, फ्लेक्स, सत्कार, उद्घाटनाचा मंडप यांच्यासाठी पैसा निघतो तेव्हा "हा पैसा कोणत्या कामाचा होता?" असे विचारणारा एक तरी सभासद आपण निवडून देतो का, हा प्रश्न स्वतःला विचारा.

आता थोडे कडू बोलतो. राग मानू नका, हे विहार आहे आणि इथे खरे बोललेच पाहिजे. बाबासाहेबांच्या कल्पनेतला रिपब्लिकन पक्ष ३ ऑक्टोबर १९५७ ला नागपूरला स्थापन झाला. थोड्याच काळात 'दुरुस्त' आणि 'नादुरुस्त' असे गट पडले. दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांचा सत्याग्रह उभा केला, १९६४ च्या ६ डिसेंबरला लोक रस्त्यावर आले, लाखोंनी तुरुंगात गेले. त्यात बायामाणसे कडेवर लेकरं घेऊन गेली. एवढी ताकद होती. पुढे १९९८ साली सारे गट एक झाले, तेव्हा एका दणक्यात चार खासदार खुल्या जागांवरून लोकसभेत गेले. अकोल्यातून, अमरावतीतून, मुंबईतून आणि आपल्या जवळच्या चिमूरमधून. त्या रात्री वस्त्यावस्त्यांत दिवाळी झाली. आणि १९९९ ची निवडणूक आली तोवर एकी राहिली नव्हती.

कोणाचे चुकले, कोणाचे किती चुकले, यात आम्ही शिरत नाही. प्रत्येक गटाजवळ आपापले कारण तयार आहे. आमचा मुद्दा निराळा आहे. नीतिमत्ता म्हणजे फक्त पैसे न खाणे नव्हे. लोकांनी एकीला मत दिले, आणि ती एकी का मोडली हे त्याच लोकांसमोर येऊन कोणी सांगितले नाही, तर पैशाला हात लावला नसला तरी तो व्यवहार चोख झाला असे म्हणता येत नाही. मत ही ठेव आहे. ठेव ठेवणाऱ्याला हिशेब द्यावा लागतो.

हिशेबावरून आमच्या गिरणीतली गोष्ट सांगतो. आमच्यात एक पुढारी होता, नाव घेण्याचे कारण नाही. बोलायला वाघ! गेटसभेत उभा राहिला की अंगावर काटा यायचा. दर महिन्याला पगाराच्या दिवशी वर्गणी गोळा व्हायची, संपाच्या वेळी वेगळा निधी जमा व्हायचा. एकदा गेटसभेत एक म्हातारा कामगार उठला, धड सहीसुद्धा न करता येणारा. म्हणाला, "भाऊ, संपात पैसे किती जमले अन् खर्च किती झाला, तेवढं सांगून देजा." पुढारी एकदम लाल झाला. "म्हणजे माझ्यावर तुमचा विश्वास नाही?" सगळी सभा चिडीचूप. तेव्हा म्हातारा काय म्हणाला ठाऊक आहे? "विश्वास हाये म्हणून त तुम्हाले इचारतो. ज्याच्यावर विश्वासच नाही, त्याले कोन इचारते?"

हिशेब काही आला नाही. पुढच्या खेपेला कामगारांनी दुसरा माणूस निवडला, आणि पहिल्याच महिन्यापासून गेटजवळच्या फळ्यावर तीन ओळी लागू लागल्या. जमा इतके, खर्च इतका, शिल्लक इतकी. कामगारांतली कुजबूज थांबली, भांडणे कमी झाली, आणि गंमत म्हणजे वर्गणीही वाढली. त्या फळ्याने आम्हाला जे शिकवले ते मोठ्या ग्रंथातही सहसा सापडत नाही.

"माझ्यावर विश्वास नाही का?" हा प्रश्न ज्याने केला, त्याच्यापासून सावध राहा. बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या घटना समितीतल्या भाषणात हाच धोका सांगितला होता. धर्मात भक्ती असेल तर असो, पण राजकारणात माणसाची भक्ती केली तर देश अधोगतीला आणि शेवटी हुकूमशाहीला जातो, असा त्याचा आशय. आणि आपण काय करतो? पुढाऱ्याला हार घालतो, पायाला हात लावतो, त्याच्या वाढदिवसाला फ्लेक्स लावतो, त्यावर कोपऱ्यात बाबासाहेबांचा फोटो लहान आणि पुढाऱ्याचा मोठा! अशा माणसाला मग प्रश्न विचारायची हिंमत कशी होईल?

आता भगवान बुद्धांकडे वळू. वर्षावास संपतो त्या दिवशी भिक्खूसंघात पवारणा होते. पवारणा म्हणजे काय? प्रत्येक भिक्खू संघापुढे हात जोडून म्हणतो की माझ्या वागण्यात काही दोष तुम्ही पाहिला, ऐकला किंवा तशी शंका आली असेल तर मला सांगा. हे छोट्यांनी मोठ्यांपुढे करायचे, आणि मोठ्यांनीही करायचे. आता नीट ऐका. श्रावस्तीला, विशाखेने बांधलेल्या पूर्वारामात, पवारणेच्या पौर्णिमेला स्वतः तथागतांनी पाचशे भिक्खूंना विचारले की माझ्या काया-वाचेने घडलेले असे काही आहे का, की ज्याला तुम्ही नावे ठेवाल? सारिपुत्त उठले आणि म्हणाले की तसे काहीच नाही. आणि मग सारिपुत्तांनी स्वतःबद्दल तोच प्रश्न विचारला.

ज्याच्या अंगी दोष नव्हता त्यानेही विचारले! मग आमच्या नगरसेवकाने, जिल्हा परिषद सदस्याने, आमदार-खासदाराने विचारायला काय हरकत आहे? बुद्धाने "माझ्यावर विश्वास नाही का" असे म्हटले नाही. त्यांनी स्वतःहून हिशेब पुढे केला. आमच्या मते पुढाऱ्याच्या नीतिमत्तेची सर्वांत सोपी कसोटी हीच. तो किती साधे कपडे घालतो हे पाहू नका, पांढरे कपडे कोणालाही मिळतात. विचारल्यावर त्याचा चेहरा कसा होतो ते पाहा.

पण बंधूंनो, एका हाताने टाळी वाजत नाही. हिशेब मागायचा हक्क ज्याच्याजवळ शिल्लक आहे तोच मागू शकतो. मतदानाच्या आदल्या रात्री वस्तीत काय चालते ते सगळ्यांना ठाऊक आहे. दोन वाजता दार वाजते, नोट येते, कुठे साडी येते, कुठे बाटली येते. पंचशील म्हणणाऱ्या घरात बाटली! आणि वर समर्थन असे, "घेतली त घेतली, मत त आपल्याच मनानं देतो नं." आम्ही साच्यावर काम करणारे, आम्हाला हिशेब पटकन सुचतो. पाचशेची नोट, पाच वर्षे. दिवसाला पडले सत्तावीस पैसे. सत्तावीस पैशांत आज काडीपेटीसुद्धा येत नाही. आणि त्या सत्तावीस पैशांत रस्ता गेला, नळाचे पाणी गेले, घरकुलाची यादी गेली, पोराची शिष्यवृत्ती गेली. उद्या तुम्ही जाब विचाराल तर तो हसून म्हणेल, तुमचे देणे मी त्या रात्रीच फेडले.

कायदाही सांगून ठेवतो. मतासाठी पैसे देणारा जसा गुन्हेगार तसा घेणाराही गुन्हेगार, वर्षभरापर्यंत कैद होऊ शकते. वरच्या पातळीवरही तेच. २००५ च्या डिसेंबरात पैसे घेऊन संसदेत प्रश्न विचारण्याच्या प्रकरणात अकरा खासदारांना बडतर्फ केले गेले. त्यांत आपल्या महाराष्ट्रातले जळगाव आणि एरंडोलचे असे दोन होते. मुद्गलांच्या वेळी एक, चोपन्न वर्षांनी अकरा! आणि सभागृहात मत किंवा भाषण विकले तर आमदार-खासदाराला विशेष हक्काची ढाल मिळणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी ४ मार्च २०२४ ला दिला. खासदाराला मत विकायची मुभा नाही, मग मतदाराला कुठून असेल?

तेव्हा करायचे काय? नुसती टीका करून घरी जायचे तर हे भाषण कशाला? चार साध्या गोष्टी सांगतो.

पहिली. उमेदवाराला आपली मालमत्ता, कर्ज, शिक्षण आणि फौजदारी खटले शपथपत्रावर लिहून द्यावे लागतात. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३ च्या निकालांमुळे हा हक्क आपल्याला मिळाला. आपली शिकलेली पोरे मोबाईलवर सारे जग पाहतात. त्यांनी निवडणुकीआधी ते कागद काढून विहारात मोठ्याने वाचून दाखवावेत. मागच्या वेळचा कागद आणि यंदाचा कागद शेजारी ठेवला की किती वाढ झाली ते आपोआप कळते.

दुसरी. माहितीचा अधिकार. २००५ चा कायदा आहे, दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवसांत उत्तर, दारिद्र्यरेषेखालच्याला फीही नाही. २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले, आपल्या यवतमाळसह सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर झाले. कापसाच्या या पट्ट्यात घराघरांत दुःख होते, अजून आहे. त्या पैशातून आपल्या गावाला काय आले, कोणाच्या नावावर आले, याचा कागद किती वस्त्यांनी मागितला? न मागितलेला कागद कोणी घरी आणून देत नाही.

तिसरी आमच्या आयाबहिणींसाठी. स्थानिक संस्थांत निम्म्या जागा तुमच्या आहेत. पण बाई निवडून येते आणि खुर्चीत नवरा बसतो, सही तिची आणि डोके त्याचे. बाबासाहेबांनी तुमच्या हक्कासाठी मंत्रिपदावर लाथ मारली, ते यासाठी नाही. ज्या बाईला तुम्ही मत दिले तिलाच प्रश्न विचारा, आणि उत्तर तिच्याच तोंडून घ्या. दोनदा विचारले की तिसऱ्यांदा ती स्वतः तयारी करून येईल.

चौथी गोष्ट या विहारासाठी, आणि आमच्या दृष्टीने हीच मुख्य. दरवर्षी अश्विन पौर्णिमेला वर्षावास संपतो, त्या दिवशी या विहारात पुढाऱ्यांची पवारणा ठेवावी. आपल्या वस्तीची मते घेऊन गेलेल्या प्रत्येकाला, तो कोणत्याही पक्षाचा, कोणत्याही गटाचा असो, सन्मानाने बोलवावे. हार-तुरे नकोत, मंच नको, सतरंजीवर सगळ्यांसोबत बसावे. वर्षभरात काय केले ते त्याने सांगावे, आणि लोकांनी विचारावे. शिवीगाळ नको, टोमणे नकोत, सम्यक वाचेने विचारावे. जो येईल त्याचे आभार मानावेत. जो येणार नाही त्याची खुर्ची रिकामी राहील, ती रिकामी खुर्चीच लोकांना काय ते सांगेल.

पण याची सुरुवात घरातून झाली पाहिजे. आधी विहार समितीने आपला जमाखर्च दाराजवळच्या फळ्यावर लिहावा. जयंतीची वर्गणी, मंडपाचा खर्च, भोजनदान, या स्मरणिकेच्या जाहिरातींचे पैसे, सगळे. समितीतले लोक प्रामाणिक आहेत, आम्ही त्यांना ओळखतो. म्हणूनच तर म्हणतो. बुद्धानेही दोष होता म्हणून विचारले नव्हते. आपण घरात हिशेब द्यायला शिकलो तर बाहेर मागायला आपला आवाज कापणार नाही.

साच्यावर धागा तुटतो तेव्हा यंत्र काही बंद पडत नाही. चात्या फिरतच राहतात, आवाज तोच, वेग तोच. लांबून पाहणाऱ्याला वाटते काम जोरात चालले आहे. फक्त त्या एका बॉबिनवर सूत भरत नाही. जवळ जाऊन पाहणाऱ्यालाच ते कळते, आणि तिथल्या तिथे धागा सांधावा लागतो. लोकशाहीचेही असेच आहे. सभा होतात, निवडणुका होतात, निकाल लागतात, गुलाल उडतो. आपल्या वस्तीच्या बॉबिनवर सूत भरते की नाही, हे आपणच जवळ जाऊन पाहायचे आहे.

येत्या अश्विन पौर्णिमेची सूचना समितीने आजच्या सभेत ठरावाने मान्य करावी अशी विनंती करून आमचे दोन शब्द संपवतो.

नमो बुद्धाय! जयभीम!